गिरकीतले स्थैर्य

मराठीत चक्कर येते आणि चक्कर घेतातही. क्रियापद बदलले की अनुभव पार उलटा होतो. येणारी चक्कर माणसाला पाडते. घेतलेला चक्कर त्याला उभा ठेवतो, निदान तसा त्याचा दावा असतो. संस्कृतातील ‘भ्रम्’ या एकाच धातूने भ्रमण दिले, भ्रमर दिला आणि भ्रमही दिला. नृत्यशास्त्राने याच धातूपासून ‘भ्रमरी’ हा शब्द घडवला, तर लोकांच्या बोलीत त्याच कुळातले ‘भोवरा’ आणि ‘भोवळ’ हे शब्द रुळले. मुलाच्या दोरीतून सुटून एका जागी ताठ उभा राहणारा तो भोवरा, आणि पोहणाऱ्याला तळाशी ओढून नेणारा तोही भोवराच. फिरणे आणि फसणे, फिरणे आणि स्थिर होणे यांचा इतका निकटचा संबंध आपल्या भाषेने मानला, हा केवळ योगायोग नसावा. गिरकी घेणे आणि भोवळ येणे यांत भेद कोणता, आणि तो भेद जेव्हा अभ्यासाने निर्माण होतो तेव्हा माणसाच्या ठायी नेमके काय घडते, हा प्रश्न म्हणूनच नर्तकांपुरता राहत नाही.

हा प्रश्न माझ्यापुढे ग्रंथातून आला नाही. गेल्या उन्हाळ्यात मी काही आठवडे एच. डी. कोटे येथे मुलीकडे राहिले होते. हेग्गडदेवनकोटे हे या गावाचे पूर्ण नाव. मैसूरच्या नैऋत्येला, नागरहोळे आणि बंडीपूरच्या जंगलांना लागून हा तालुका पसरला आहे; कबिनी नदीवरचे १९७४ साली पुरे झालेले धरण याच तालुक्यात आहे. माझी मुलगी डॉक्टर आहे आणि तेथील जेनू कुरुब वस्त्यांमधून काम करते. एका पहाटे मी कुशीवर वळले आणि खोली गरगर फिरू लागली. छत, खिडकी, कंदिलाची खुंटी, सारे एकामागून एक डाव्या बाजूने येत होते आणि उजवीकडे नाहीसे होत होते. मी पलंगाची कड धरून पडून राहिले. मुलीने माझे डोके वळवून डोळ्यांची हालचाल पाहिली आणि निदान सांगितले : अंतर्कर्णातले चुन्याचे सूक्ष्म कण आपली जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले आहेत. जॉन एप्ली या अमेरिकी वैद्याने रूढ केलेल्या पद्धतीने तिने माझे डोके टप्प्याटप्प्याने वळवून ते कण परत जागी आणले. नंतर मला ओसरीवरच्या खुर्चीत बसवले आणि म्हणाली, “आता डोकं हलवायचं नाही. समोर एका ठिकाणी बघत राहा.”

त्याच ओसरीवर माझी पंधरा वर्षांची नात गिरक्यांचा अभ्यास करीत होती. ती पुण्यात सहा-सात वर्षे कथक शिकली आहे आणि अलीकडे बॅलेही शिकू लागली आहे. समोरच्या खांबावर आपल्या डोळ्यांच्या उंचीला तिने माझीच एक टिकली चिकटवली होती आणि तिच्यावर नजर रोखून ती फिरत होती. एकाच ओसरीवर आम्ही दोघी होतो : जिच्याभोवती जग फिरले होते ती मी, आणि जी स्वतः जगात फिरत होती ती. दोघींना मिळालेला उपदेश मात्र एकच होता. दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “आजी, मला आता सलग सहा जमतात. आठ जमल्या म्हणजे मी सुधारले असं म्हणायचं ना?” अर्धे आयुष्य कलाकृतींचे मूल्यमापन करण्यात घालवलेल्या मला या प्रश्नाचे उत्तर तत्काळ देता आले नाही. त्या न दिलेल्या उत्तराचा हा शोध आहे.

प्रथम गिरकी घडते कशी ते पाहू. बॅलेमधल्या पिरुएट या गिरकीत नर्तिका गुडघे वाकवून जमिनीला रेटा देते, एका पायाच्या चवड्यावर उठते आणि पसरलेले हात छातीशी आणते. हात जवळ आले की वस्तुमान आसाजवळ येते आणि वेग वाढतो. शरीर वळते, पण डोके मागे रेंगाळते. समोरच्या बिंदूवरची नजर सुटता सुटत नाही. मान आणखी वळणे अशक्य झाले की डोके एका झटक्यात फिरते आणि शरीराच्या आधी पुन्हा त्याच बिंदूवर येऊन थांबते. सर्वांच्या शेवटी निघायचे आणि सर्वांच्या आधी पोचायचे, हा या तंत्रातला डोक्याचा धर्म. ‘डोके ठिकाणावर असणे’ हा आपला वाक्प्रचार शहाणपणासाठी वापरला जातो. गिरकी घेणाऱ्याला तो अक्षरशः पाळावा लागतो. कथकमध्ये बहुधा डाव्या पायाची टाच हा आस असतो आणि उजवे पाऊल गती देते. चवडा आणि टाच यांतला हा फरक किरकोळ नाही. बॅलेतील नर्तिका जमिनीपासून सुटू पाहते, कथकची नर्तिका जमिनीला ठोकून फिरते. नजरेचा नियम मात्र दोघींना सारखाच लागू होतो. आपल्या शास्त्रकारांनीही गिरक्यांचे बारकावे नोंदवले आहेत. नाट्यशास्त्रात आकाशिकी चारींमध्ये भ्रमरी येते. अभिनयदर्पणात तर उत्प्लुत, चक्र, गरुड, एकपाद, कुंचित, आकाश आणि अंग असे भ्रमरींचे ७ प्रकार सांगितले आहेत. या वर्गीकरणाचा आधार फिरण्याची रीत आहे, फेऱ्यांची संख्या नव्हे, ही गोष्ट माझ्या नातीच्या प्रश्नाच्या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे.

संख्येचा मोह मात्र जुना आहे आणि तो सर्वत्र आहे. पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तिकेने १८९३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये ‘सिंड्रेला’त आणि १८९५ साली ‘स्वान लेक’मध्ये एका पायावर सलग ३२ फुएते घेऊन प्रेक्षकांना थक्क केले. तेव्हापासून ३२ हा आकडा त्या भूमिकेला चिकटला. प्रेक्षागृहात बसलेले लोक आजही मनातल्या मनात मोजत असतात. कथकच्या मैफलीत तिहाईचा एकेक पल्ला ९ चक्करांचा होऊन २७ पुरे झाले आणि नर्तकी समेवर उभी राहिली की टाळ्या पडतात; त्यापुढेही संख्या वाढवत नेण्याची चढाओढ रसिकांना अपरिचित नाही. संख्येची ही ओढ सर्वस्वी त्याज्य आहे असे मला म्हणायचे नाही. मोजता येणारी गोष्ट नवशिक्याला हात धरून पुढे नेते, आणि आळशाला लाजवतेही. प्रश्न निर्माण होतो तो मापालाच मूल्य समजले जाते तेव्हा.

फुएतेची घडण जरा बारकाईने पाहिली तर एक वेगळीच गोष्ट हाती लागते. साध्या पिरुएटमध्ये रेटा एकदाच दिला जातो. पुढच्या साऱ्या फेऱ्या त्या एका रेट्याची फळे असतात. फुएतेत दर फेरीला उभ्या पायाचा गुडघा वाकतो, टाच जमिनीला लागते, दुसरा पाय हवेत फटकारा मारतो आणि नवी गती मिळते. म्हणजे ३२ फुएते ही एक दीर्घ गिरकी नसून ३२ वेळा घेतलेला तोच निर्णय असतो. नैतिक जीवनातही असे दोन प्रकार आढळतात. एखादा माणूस तारुण्यात एकदाच मोठी उडी घेतो आणि उरलेले आयुष्य त्या उडीच्या वेगावर फिरत राहतो. वेग ओसरला की डगमगतो. दुसरा दर दिवशी टाच जमिनीला टेकवतो आणि तोच निश्चय नव्याने करतो. बाहेरून दोघेही फिरतच असतात. पण दुसऱ्याला प्रत्येक फेरीत तोल चुकण्याची, म्हणून सुधारण्याचीही, संधी असते. पहिल्याला ती नसते.

आणखी एक तपशील विसरता येत नाही. ‘स्वान लेक’मध्ये या ३२ गिरक्या खऱ्या नायिकेच्या, ओडेटच्या, वाट्याला आलेल्या नाहीत. त्या घेते ओडिल, तिचे रूप घेऊन राजपुत्राला फसवायला आलेली मायाविनी. चक्कर तिला येत नाही. ती येते राजपुत्राला, आणि काही अंशी आपल्यालाही. नृत्यरचनाकाराने हे जाणूनबुजून केले असो वा नसो, कौशल्याच्या परमोच्च प्रदर्शनाची जागा फसवणुकीच्या प्रसंगात यावी याला काही अर्थ आहे. दिपवणे आणि दाखवणे या दोन भिन्न क्रिया आहेत, आणि एकच तंत्र दोहोंना राबवून घेता येते.

या तंत्राविरुद्ध बंड करणारी इसाडोरा डंकन हिला बॅलेची शिस्त म्हणजे शरीराची विटंबना वाटे. अशा इसाडोराचे आत्मचरित्र मराठीत कोणी आणले? रोहिणी भाटे यांनी. १९४७ साली पुण्यात ‘नृत्यभारती’ स्थापन करणाऱ्या, लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे दीर्घकाळ शिकलेल्या, कठोर तालमीत वाढलेल्या या कथक नर्तकीला तालीम नाकारणाऱ्या कलावतीचे मोल वाटावे, ही मला मराठी कलाविचारातली एक महत्त्वाची घटना वाटते. तंत्र परिपूर्ण करायचे, पण त्याला प्रश्न विचारणारा आवाज घराबाहेर ठेवायचा नाही, असे या कृतीतून सुचते. रोहिणीताई २००८ साली गेल्या. हे सूचन अजून शिळे झालेले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अभ्यासाने चक्कर येणे थांबते, ते कसे? आपल्या अंतर्कर्णातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांत द्रव असतो. शरीर फिरू लागले की द्रव मागे रेंगाळतो, आणि शरीर थांबले तरी तो काही काळ वाहत राहतो. म्हणून थांबल्यावरही जग फिरताना दिसते. नजर एका बिंदूवर रोखल्याने डोक्याचे फिरणे तुकड्यातुकड्यांत होते आणि दृष्टीला दर फेरीत एक विसावा मिळतो. पण केवळ नजरेने सारे उलगडत नाही. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २९ बॅले नर्तिका आणि २० नौकापटू स्त्रिया यांची तुलना केली. काळोखात फिरत्या खुर्चीत बसवून थांबवल्यावर, आपण अजून फिरत आहोत ही जाणीव नर्तिकांमध्ये लवकर मावळली. इतर स्त्रियांमध्ये डोळ्यांची प्रतिक्षिप्त हालचाल आणि फिरण्याची जाणीव एकमेकींशी जुळत होत्या. नर्तिकांमध्ये त्यांची फारकत झालेली होती. अंतर्कर्णाकडून येणारे संदेश हाताळणारा लहान मेंदूचा एक भाग त्यांच्यात आकाराने लहान आढळला. सारांश असा, की वर्षानुवर्षांच्या तालमीने नर्तिकेचा मेंदू एक खरी वार्ता ऐकेनासा होतो.

येथे माझ्या मनात पाल चुकचुकली. आपण ज्याला स्थैर्य म्हणून गौरवतो ते वस्तुतः बधिरत्व तर नव्हे? सुखदुःखाने न हलणाऱ्या पुरुषाचे जे चित्र आपल्या परंपरेने आदर्श म्हणून पुढे ठेवले, ते आणि ज्याला काही जाणवतच नाही अशा माणसाचे चित्र बाहेरून अगदी सारखे दिसते. जो अधिकारी पहिल्या अन्यायाने अस्वस्थ झाला आणि विसाव्याने झाला नाही, त्याला ‘अनुभवी’ म्हणतात. जो समीक्षक पहिले पुस्तक वाचताना थरारला आणि हजारावे वाचताना थरारला नाही, त्याला ‘परिपक्व’ म्हणतात. अभ्यासाने आपल्याला स्थिर केले की केवळ बहिरे केले, हे कसे ओळखायचे?

जर्मन लेखक हाइनरिख फॉन क्लाइस्ट याने १८१० साली कळसूत्री बाहुल्यांवर एक लहानसा निबंध लिहिला. त्यातील एक नर्तक असा विचार मांडतो की बाहुली माणसापेक्षा अधिक सुंदर नाचते, कारण तिला स्वतःची जाणीव नसते. निर्भेळ लालित्य एकतर जाणीवशून्य बाहुलीत सापडेल किंवा अनंत जाणीव असलेल्या देवात. माणूस मधल्या मध्ये अडकलेला. क्लाइस्टचा युक्तिवाद मोहक आहे, पण तो मला पुरता पटत नाही. बाहुलीला चक्कर येत नाही हे खरे. परंतु तिने चक्कर जिंकली असे आपण म्हणत नाही. विजयासाठी काहीतरी जाणवावे लागते. कोन्याचे मौलवी दरवेश फिरतात तेव्हा नजर एका बिंदूवर रोखत नाहीत, ती सैल सोडतात. उजवा तळवा आकाशाकडे, डावा भूमीकडे, आणि डावा पाय आस. तेथे जग विरघळू देणे हाच साधनेचा हेतू असतो. रंगमंचावरच्या नर्तकीला तसे करून चालत नाही. तिला परत यायचे असते. समेवर, समोर, प्रेक्षकाच्या डोळ्याला डोळा देत.

‘सम’ या शब्दाजवळ क्षणभर थांबले पाहिजे. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, आणि सम म्हणजे समान, समतोलही. मर्ढेकरांनी सौंदर्याचे नियम सांगताना संवाद आणि विरोध यांच्या जोडीला समतोल ठेवला. समतोल म्हणजे निश्चलता नव्हे; परस्परविरोधी ओढी एकाच वेळी जिवंत असणे. नर्तकीच्या गिरकीत गतीची बाहेरची ओढ आणि आसाची आतली ओढ दोन्ही टिकून असतात. त्यांतली एक नाहीशी झाली तर उरते ते यंत्राचे फिरणे.

एक गोष्ट मला येथे कबूल केली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका सभागृहात मी एका तरुण मुलीचे कथक पाहिले. शेवटच्या तिहाईत ती एकोणिसाव्या चक्करपर्यंत आली आणि थांबली. तिचा अंदाज चुकला होता. सम एका मात्रेने हुकणार होती. शेवटची एक फेरी गाळून, हात उंचावून, स्मित करून ती वेळ मारून नेऊ शकली असती, आणि सभागृहातल्या बहुतेकांना ते कळलेही नसते. तिने हात जोडले, तबलजींकडे वळून हलक्या आवाजात काही सांगितले आणि तिहाई पहिल्यापासून घेतली. मी एका नियतकालिकात त्या कार्यक्रमाविषयी लिहिताना ‘तयारी अपुरी’ असे दोन शब्द लिहून मोकळी झाले. त्याच सप्ताहात दुसऱ्या एका नर्तकीच्या चक्करांची संख्या मी कौतुकाने नोंदवली होती. त्या मुलीचे पुढे काय झाले ते मला कळले नाही. आज मला वाटते की तिचे थांबणे हे तिच्या तयारीचेच फळ होते. एक मात्रा निसटली हे तिला जाणवले, आणि जाणवल्याची किंमत तिने सर्वांदेखत चुकती केली. बधिर झाली होती ती प्रेक्षकांत बसलेली मी. फिरत्या खुर्चीत बसवलेल्या नर्तिकेचे बधिरत्व निरुपद्रवी असते, कारण ते तिच्या कामाला उपयोगी पडते आणि इतर कोणाचे काही हिरावत नाही. माझे तसे नव्हते.

स्थैर्य आणि बधिरत्व यांना वेगळे करणारी खूण येथे हाती लागते. ज्याला स्थैर्य साधले आहे तो स्वतःबाहेरच्या एका बिंदूशी दर फेरीला स्वतःला ताडून पाहतो, आणि अंतर पडले तर मान्य करतो. बधिर माणसाला असा बिंदू लागत नाही. त्याला आपल्याच आसाची खात्री असते. नजर रोखण्याचे तंत्र म्हणूनच मला केवळ युक्ती वाटत नाही. अंतर्कर्णाची साक्ष नाकारल्यावर नर्तकी दुसरी एक साक्ष मागते, आणि ती बाहेरची असते.

लहानपणी आम्ही मंगळागौरीच्या रात्री फुगड्या खेळत असू. दोघींनी पावले जुळवायची, हात एकमेकींत अडकवायचे, मागे झुकायचे आणि फिरायचे. संतांनाही या खेळात परमार्थाचे रूपक दिसले. फुगडी ऐन रंगात आली की भिंती, दिवे, बायकांचे चेहरे यांच्या नुसत्या रेषा होतात. स्पष्ट दिसतो तो फक्त समोरच्या मैत्रिणीचा चेहरा, कारण तोही आपल्याइतक्याच वेगाने फिरत असतो. या खेळात आस कोणाच्याही शरीरात नसतो. तो दोघींच्या मधल्या रिकाम्या जागेतून जातो. माझा तोल तिच्या वजनावर आणि तिचा माझ्या वजनावर. एकीने हात सोडला तर दोघी पडतात. खांबावरची टिकली निर्जीव असते, तिची काही जबाबदारी नसते. फुगडीत मात्र जी माझा स्थिर बिंदू असते, तिचा स्थिर बिंदू मी असते. गुरू आणि शिष्य, लेखक आणि समीक्षक, नर्तकी आणि प्रेक्षक यांचा संबंध या खेळासारखा आहे असे मला आता वाटते. त्या एकोणिसाव्या चक्करला मी हात सोडला होता.

निघण्याच्या आदल्या दिवशी नातीने खांबावरची टिकली काढली आणि त्या खांबापुढे मला खुर्ची मांडून बसवले. “तू हलू नकोस हं आजी. आणि मी सरकले तर सांग.” डोके न हलवण्याची मला तोवर सवय झालीच होती. ती फिरू लागली. दर फेरीला तिचे डोळे माझ्या डोळ्यांवर येऊन थांबत, सुटत, पुन्हा येत. आठ फेऱ्या पुऱ्या करून ती ताठ उभी राहिली आणि उत्सुकतेने माझ्याकडे पाहू लागली. आठ झाल्या होत्या यात शंका नव्हती. पण पाचव्या फेरीपासून ती डावीकडे सरकत गेली होती, वीतभर तरी. मी तसे सांगितले. तिचा चेहरा क्षणभर उतरला. मग ती आत गेली, खडू घेऊन आली, ओसरीच्या फरशीवर एक लहानसे वर्तुळ काढले आणि त्यात टाच ठेवून म्हणाली, “आता चारच घेते. बघ.”